गंजाचं गणित आणि नहेम्याची भिंत

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला निघालं, की त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो जेमतेम पाचशेवर येतो. सांगलीकडेही तेच: शिराळ्याला चिखल, जत-आटपाडीला धूळ. शेतकऱ्याला हा फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या माणसालाही तो पाठ असतो, कारण पत्रा पाऊस विसरत नाही. म्हसवडच्या किंवा जतच्या गोठ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली फियाट मिळाली तर तिचा रंग उडालेला असेल, रबरं तडकलेली असतील, पण खालून टिचकी मारली तर पत्रा खणखणीत वाजेल. पावसाळी जावळीतल्या मेढ्याची गाडी वरून चकाकत असेल आणि पायाखालच्या फ्लोअरला बोट लावलं की हातात भुगा येईल.

आमची गाडी मेढ्याची. सासऱ्यांनी घेतलेली फियाट अकराशे डिलाइट. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये ही गाडी बनायला लागली, १९७४ मध्ये तिचं नाव प्रीमिअर पद्मिनी झालं आणि शतक संपेपर्यंत ती कारखान्यातून बाहेर पडत राहिली. मुंबईची काळीपिवळी म्हणून ती साऱ्या महाराष्ट्राला माहीत. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली. आमची गाडी नाव बदलण्याआधीची. १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, पुढची सीट सलग, मागे पाटे. जावळीच्या पावसात ती एका गळक्या शेडखाली कित्येक वर्षं उभी होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर टेंपोत घालून ती सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला आमच्या घरी आणली, आणि तेव्हापासून सकाळ ठरून गेली आहे. पहाटे फिरणं, चहा, सौभाग्यवतींबरोबर शास्त्रवाचन आणि प्रार्थना, मग ऊन चढेपर्यंत गाडी.

मी रसायनशास्त्र शिकवत असे. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की गंज. नववी-दहावीच्या वर्गात एवढ्यावर भागतं. पण गाडीखाली पाठीवर झोपून पत्रा पाहिला की पहिला प्रश्न पडतो तो हा, की गंजाने नेमकी हीच जागा का निवडली? बॉनेट उघड्यावर असतं, वारा-पाऊस त्याला थेट लागतो, तरी ते टिकतं. दाराखालची पट्टी, चाकावरच्या कमानीची आतली कड, दोन पत्रे एकमेकांवर दाबून जोडलेली शिवण, म्हणजे जिथे हवा पोचणं मुश्कील, तिथे मात्र पत्रा कुजून जातो. ऑक्सिजनशिवाय गंज नाही हे खरं असेल, तर जिथे ऑक्सिजन कमी तिथे गंज जास्त कसा?

याचं उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स नावाच्या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पाण्याच्या एका थेंबात दाखवून दिलं. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो, मधोमध तो कमी पोचतो. एवढ्याशा फरकाने त्या थेंबाखाली विजेचा घट तयार होतो. मधलं लोखंड आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतं, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेपर्यंत धावतात आणि तिथे ऑक्सिजन त्यांना पकडतो. म्हणजे लोखंड खचतं मध्यावर, जिथे ऑक्सिजन कमी. गंजाचं लाल कडं उमटतं ते मध्य आणि कड यांच्या दरम्यान, आणि खड्डा पडतो तो दिसत नाही अशा जागी. चिखलाचं एक ढेकूळ कमानीच्या आत अडकून राहिलं, की त्याखाली हा घट महिनोन्‌महिने चालू राहतो. गाडी बंद, बॅटरी काढून ठेवलेली, तरी पत्र्यात वीज वाहतेच आहे. हे समजलं तेव्हा मी गॅरेजमध्ये तसाच बसून राहिलो होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांवर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस. तेव्हा सांगलीतल्या शेकडो घरांप्रमाणे गाड्याही बुडाल्या. पाणी उतरल्यावर लोकांनी गाड्या धुतल्या, वाळवल्या, इंजिनं खोलून घेतली. पण दाराच्या पोकळीत कृष्णेचा बारीक गाळ बसून राहिला तो राहिलाच. त्या गाड्या आज डेंटरकडे येतात तेव्हा दारं खालून, आतून, ओळीने कुजलेली असतात. रंगाखाली पापडासारखे फुगे आले, की आत काय चाललं आहे ते तो हात न लावता सांगतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंग वर उचलतो.

आणि हे सगळं पाहत असताना साताऱ्याचा डोंगरही वेगळा दिसू लागतो. पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, ज्यावर पावसाळ्याअखेर फुलं येतात, ती जांभ्याची आहेत. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये लोह असतं. लाखो वर्षांच्या पावसाने त्या दगडातली बाकीची विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली, लोह मागे राहिलं आणि ऑक्सिजनशी जोडलं गेलं. जांभ्याचा तांबूस रंग हा त्या लोहाच्या ऑक्साइडचा. पोलादासाठी जे खनिज खणतात त्यात मुख्यतः हेच असतं. भट्टीत कोळशाने त्यातला ऑक्सिजन ओढून काढला की लोखंड हाती येतं. म्हणजे माझ्या फियाटचा पत्रा आधी लाल मातीच होता आणि मेढ्याच्या पावसात तो परत तिकडेच निघाला होता. मातीपासून घेतलेलं मातीला मिळतं, हे आम्ही प्रत्येक दफनविधीत ऐकतो. ते पत्र्याच्या बाबतीत इतकं शब्दशः खरं असेल असं मनात आलं नव्हतं.

गंज काढायला बाजारात आम्लं मिळतात. पण उसाच्या मुलखात राहणाऱ्याने ती का आणावीत? गुळाचं पाणी पिंपात आंबू द्यायचं, त्यात गंजलेले बिजागर, ब्रॅकेट, नट-बोल्ट टाकायचे आणि झाकण लावून काही आठवडे विसरून जायचं. आंबताना तयार होणारी सौम्य सेंद्रिय आम्लं गंजातल्या लोहाला धरून पाण्यात ओढतात. खालचं धड लोखंड त्यामानाने सुखरूप राहतं. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यात टाकायचे नाहीत. बाहेर काढलेला बिजागर राखाडी, स्वच्छ दिसतो, आणि तो लगेच धुऊन, पुसून, प्रायमर मारला नाही तर तासाभरात पुन्हा तांबूस होऊ लागतो. वासाबद्दल घरच्यांची तक्रार असते ती रास्त आहे. पण या पिंपाला जुनी परंपरा आहे. आंध्रातले कलमकारीचे कारागीर गूळ आणि लोखंडाचे गंजके तुकडे असेच आंबवून कापडावरचा काळा रंग करतात. कच्छच्या अजरखचा काळाही असाच. ज्या रसायनाने तिथे कापडावर काळी रेघ उमटते, त्याच रसायनाने इथे माझा बिजागर सुटतो.

आता सकाळच्या वाचनाकडे येतो. आम्ही पवित्र शास्त्र ओळीने वाचतो, आवडीचे भाग निवडून नाही. त्यामुळे जुन्या करारातल्या वंशावळी, मोजमापं, याद्या, सगळ्यांतून जावं लागतं. नहेम्याचा तिसरा अध्याय अशीच एक यादी आहे. यरुशलेमेची भिंत पडली आहे, वेशी जळाल्या आहेत, आणि कोणी कुठला भाग दुरुस्त केला याची नोंद एकापाठोपाठ एक येत जाते. मुख्य याजक एल्याशीब आणि त्याचे भाऊ मेंढेवेस बांधतात. त्यांच्या शेजारी दुसरे, त्यांच्या शेजारी तिसरे. एका भागावर सोनार आहे. त्याच्या शेजारी सुगंधी द्रव्यं करणारा. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुली भिंतीला लागल्या आहेत. तकोवाच्या लोकांनी आपला भाग केला, पण त्यांच्यातल्या बड्यांनी कामाला खांदा लावला नाही, हेही नोंदलं आहे. भिंत बावन्न दिवसांत पुरी झाली. पूर्वी हा अध्याय आम्ही भरभर वाचत असू. गाडी खोलल्यावर मात्र माझ्यासाठी तो शास्त्रातल्या सर्वांत जिवंत पानांपैकी एक झाला आहे.

कारण जुनी गाडी उलगडत गेलं की अशीच यादी हाती येते, फक्त नावं नसलेली. दाराचा आतला पुठ्ठा काढला तेव्हा पत्र्यावर पिवळ्या खडूने लिहिलेला आकडा निघाला. कुर्ल्याच्या लाइनवर कोणीतरी तो घातला, वर पुठ्ठा बसला आणि पन्नास वर्षं त्यावर उजेड पडला नाही. मडगार्डच्या आत एक पितळी झाळ आहे, इतकी बारीक आणि सलग, की ती करणाऱ्याला आपलं काम कोणाला दिसणार नाही हे माहीत असूनही त्याने हात आखडला नाही. वायरिंगमध्ये मध्येच निळ्या वायरीचा तुकडा आहे आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली आहे. ती कुठल्या तरी घाटात, रात्री केलेली दुरुस्ती असावी. मी ती बदलली, पण तुकडा जपून ठेवला आहे.

आमच्या डेंटरचं एक काम मी तासन्‌तास पाहत बसतो. ठोकून ठोकून पत्रा ताणला गेला की तो मधोमध सैल पडतो. दाबला तर टक्‌ करून आत जातो, सोडला की बाहेर येतो. आणखी ठोकलं तर आणखी पसरतो. मग तो काय करतो? रुपयाएवढी जागा गॅसने लाल करतो, भोवतीने हलके हातोडी फिरवतो आणि ओलं फडकं दाबतो. चर्र आवाज होतो आणि आख्खा दरवाजा ताणून बसतो. लाल झालेल्या ठिपक्याला प्रसरण पावायचं असतं, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. म्हणून तो मऊ ठिपका आतल्या आत जाड होतो. थंड होताना तो आकसतो आणि चारी बाजूंचा सैल पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. आग लावून पत्रा लहान करायचा! त्याला हे कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, "सर, पत्र्याला कुठं जायचंय ते बघायचं, मग त्याला तिकडंच न्यायचं."

या भागात अशी माणसं अजून मिळतात, याला कारणं आहेत. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला, त्या किर्लोस्करवाडीत नांगर घडले आणि त्याबरोबर कारागिरांच्या पिढ्या घडल्या. साताऱ्यात धनजीशा कूपरांचा कारखाना १९२२ पासूनचा; पुढे महाराष्ट्र स्कूटर्समधून प्रिया स्कूटर बाहेर पडू लागली. मिरजेची गोष्ट तर याहून जुनी आहे. तलवारींना धार आणि झळाळी देणारे शिकलगार, राज्यं गेल्यावर त्यांचं काम सुटलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतार-तंबोरे दुरुस्त करायला, मग घडवायला घेतले. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. यशया संदेष्ट्याने तलवारींचे नांगराचे फाळ होतील असा दृष्टान्त सांगितला. मिरजेत तलवारीच्या हातांतून तंबोरे निघाले, हे मला त्या दृष्टान्ताच्या फार जवळचं वाटतं. माझ्या गाडीचे किंगपिन-बुश ज्यांनी लेथवर काढून दिले, ते चाचा मिरजेचेच. मायक्रोमीटर लावायच्या आधी ते बोटाच्या पेराने माप सांगतात.

इंजिन सुरू होण्याचा दिवस हा सगळ्यांत मोठा, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक ठिणगी असते. बॅटरी बारा व्होल्टची. प्लगच्या फटीतून, तेही सिलिंडरात दाबलेल्या हवा-पेट्रोलमधून, ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. ते येतात कुठून? इग्निशन कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, एक जाड तारेच्या थोड्या फेऱ्यांचं, दुसरं केसासारख्या बारीक तारेच्या हजारो फेऱ्यांचं. पहिल्यातून वीज वाहताना चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. वीज अचानक तोडली की ते क्षेत्र कोसळतं आणि कोसळताना दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड दाब उभा करतं. ठिणगी पडते ती वीज जोडल्याने नव्हे, तोडल्याने. हे तोडण्याचं काम 'पॉइंट' करतात: डिस्ट्रिब्युटरमधला कट्‌कट्‌ उघडझाप करणारा छोटासा जोड. त्याची फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. फीलर गेज नसेल तिथे जुने मिस्त्री काडेपेटीच्या पुठ्ठ्याने ती लावत.

मिनिटाला तीन हजार फेरे चालले की चार सिलिंडर मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. एक, तीन, चार, दोन या क्रमाने, एकही न चुकता. शिवाय ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या किंचित आधी पडावी लागते, कारण आग पसरायला वेळ लागतो. आणि वेग वाढला की ती आणखी आधी पडावी लागते. हा हिशोब आजच्या गाडीत संगणक करतो. फियाटमध्ये तो दोन लहान वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट तेवढे आधी उघडतात. नखाएवढ्या दोन लोखंडी तुकड्यांत कोणीतरी गणित ओतून ठेवलं आहे. मी ती वजनं धुऊन, तेलाचा थेंब लावून बसवली तेव्हा मनापासून स्तोत्र म्हणावंसं वाटलं आणि म्हटलं.

हा सगळा खेळ ज्याच्या शोधावर उभा आहे तो मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचून तो शिकला. १८३१ मध्ये त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधलं. तो लंडनमधल्या सँडेमेनियन या अगदी लहान ख्रिस्ती मंडळीचा सभासद होता, जन्मभर. आमच्या मंडळीत ज्यांना वडील म्हणतात ती जबाबदारी त्याने सांभाळली, उपदेश केले. सृष्टीचे नियम आणि तिचा कर्ता या दोन गोष्टी त्याच्या मनात भांडत नव्हत्या. गाडी सुरू करताना चावी फिरवतो तेव्हा हा माणूस मला आठवतो, आणि त्याची आठवण काढायला गॅरेज ही अगदी योग्य जागा आहे असं वाटतं.

पेट्रोलचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्या शिवारातली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातलं कितीतरी उसापासून येतं. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना जो ऊस दिसतो, तो कारखान्याच्या आसवनीतून फिरून माझ्या कार्ब्युरेटरमध्ये येऊन पोचतो. फियाट मात्र या खुराकासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, म्हणून गाडीतल्या इंधन-पंपाचा पडदा आणि नळ्या नव्या घालाव्या लागल्या. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ पडतं; मेन जेट किंचित मोठा करावा लागला. आणि त्याला पाण्याची ओढ आहे. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर ते हवेतला ओलावा टाकीत ओढून घेतं, पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी बसतं, आणि टाकीच्या तळाला पुन्हा तोच इव्हान्सचा थेंब सुरू होतो. यावर उपाय एकच: गाडी चालवत राहायची.

ती चालते, मुख्यतः रविवारी. ज्या वाडीत आम्ही राहतो तिला डॉ. विल्यम वानलेस यांचं नाव आहे; त्यांनी मिरजेत १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयामुळे या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचं येणं-वसणं झालं. उपासनेत आम्ही जी गीतं गातो त्यांतली बरीच रेव्हरंड टिळकांची. नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात राहिले आणि तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांसाठी. १९१९ मध्ये ते गेले. पेटी, तबला आणि टाळ यांवर त्यांची भजनं म्हणताना त्यांनी ख्रिस्ताला मराठी अंगणात किती सहज बसवलं हे दर वेळी नव्याने जाणवतं. साताऱ्याला सासुरवाडीच्या नातेवाइकांकडे गेलो की तिथल्या मंडळीतही हीच गीतं, हाच ठेका.

रविवारी निघताना वाटेत तीन ज्येष्ठ भगिनींना आणि एका भाऊंना घ्यावं लागतं. त्यांना रिक्षाची पायरी चढवत नाही, नव्या गाड्यांच्या बादलीसारख्या सीटमध्ये बसलं की उठवत नाही. फियाटचं दार रुंद उघडतं, सीट सलग आणि बसायला बरोबर उंचीची. "जय ख्रिस्त, सर! आली का आपली गाडी?" असं भाऊ म्हणतात, त्यात 'आपली' हा शब्द अगदी खरा आहे.

त्यामुळे मध्यंतरी एक निर्णय करावा लागला. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना केंद्राच्या नियमांत विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. आमची गाडी त्यात बसते. गाड्यांचा नाद असलेले मित्र म्हणाले, घेऊन टाका, मान आहे. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. मग रविवारी मंडळींना कोण आणणार? सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, बाबांनी गाडी बसायला घेतली होती." आम्ही साधी फेरनोंदणीच केली: पाच वर्षांची, ब्रेक-दिवे-धूर तपासून, पर्यावरण कर भरून. तपासणीच्या आदल्या दिवशी डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक ओढत होता. सिलिंडरची रबरं बदलली, नळीतली हवा काढली, सौभाग्यवतींनी आत बसून पेडल दाबून धरलं, आणि संध्याकाळी वानलेसवाडीच्या रस्त्यावर गाडी सरळ रेषेत थांबली.